चिखलणीचं यंत्र, बर्फाची रात्र

पहाटेचे सव्वाचार वाजले असतील. सहरीसाठी उठलो होतो. स्वयंपाकघरात एकटाच बसून पोळीचा तुकडा मोडत होतो, तेवढ्यात खिडकीच्या काचेवरून एक पिवळा उजेड फिरून गेला. पाठोपाठ आवाज आला. डिझेल इंजिनाचा, ठरावीक लयीतला, जरा घसा बसलेला. क्षणभर मला वाटलं, मी कोकणात माझ्या गावी आहे, आषाढ लागलाय आणि खालच्या खाचरात कुणीतरी चिखलणीला पॉवर टिलर घातलाय. मग खिडकीतून बाहेर पाहिलं. बाहेर चिखल नव्हता, कमरेएवढा बर्फ होता.

ही गोष्ट २०२५ च्या रमजानची. तिकडे तो मार्चच्या पहिल्या तारखेला सुरू झाला आणि मी त्या वेळी मुलीकडे होतो. ती राहते अमेरिकेच्या न्यूयॉर्क राज्यात. पण न्यूयॉर्क म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर येतं ते शहर तिथून चार-पाच तासांवर. हा भाग उत्तरेचा, सिरॅक्यूजच्या पलीकडचा, ओंटारिओ सरोवराच्या पूर्वेचा. इथला बर्फ कसा पडतो ते कोकणच्या माणसाला लगेच कळतं. कॅनडाकडून येणारा गार वारा सरोवराच्या त्यामानानं उबदार पाण्यावरून वाहतो, ओल उचलतो आणि पूर्वेकडचं टग हिल नावाचं पठार चढताना ती टाकून देतो. अरबी समुद्र, नैऋत्य वारा आणि सह्याद्री असं जे आपल्याकडे पावसाचं घडतं, तेच तिकडे बर्फाचं. सिरॅक्यूज शहरातच वर्षाला सरासरी तीन मीटरांच्या वर बर्फ पडतो, आणि पठारावर तर त्याहून पुष्कळ जास्त.

खिडकीबाहेर यंत्र चालवत होते ते शेजारचे म्हातारबाबा. वय सत्तरीच्या पुढे. आयुष्यभर गाई सांभाळल्या, दूध विकलं, आता गोठा रिकामा आहे. राहिलाय तो एक लहानसा नारिंगी ट्रॅक्टर. बर्फ पडला की ते पहाटे साडेतीनला उठतात, आधी स्वतःची वाट मोकळी करतात, मग समोरच्या एकट्या बाईंची, मग माझ्या मुलीची. माझी मुलगी इस्पितळात परिचारिका. तिची पाळी सातला लागते, म्हणजे सहाला घरातून निघायला हवं. म्हातारबाबांनी पैसे कधी घेतले नाहीत. “अब्बा, मी दोनदा पाकीट देऊन पाहिलं,” मुलगी म्हणाली, “दुसऱ्या वेळी ते रागावले.”

मला दोन गोष्टींनी छळलं. हे काम रात्रीच का करायचं? आणि तो आवाज मला ओळखीचा का वाटला? पुढचे दोन-तीन महिने मी याच गोष्टींच्या मागे होतो. मंडळी, आम्हा कवींना बर्फ शांत वाटतो, पांढरी शाल वगैरे वाटतो. आता मी ती शाल हिशेबात मोजून सांगतो. सडकेपासून घरापर्यंतची वाट साठ मीटर लांब, साडेतीन मीटर रुंद. त्यावर रात्रीत एक फूट बर्फ पडला की झाले साधारण ६३ घनमीटर. ताजा, भुसभुशीत बर्फ घनमीटरला शंभर किलोच्या आसपास भरतो. म्हणजे सहा टनांहून जास्त वजन एका घराच्या दारात रात्रीतून येऊन पडतं. तोच बर्फ वाऱ्यानं दाबला गेला की तीन-चारपट जड होतो. फावड्यानं तो उपसताना दर हिवाळ्यात तिकडे माणसं हृदयविकारानं जातात, कारण थंडीनं रक्तवाहिन्या आधीच आकसलेल्या असतात आणि त्यात हे ओझं.

आणि रात्रीचं कारण साधं आहे. सकाळी सगळं जग एकदम निघतं, कामाला, शाळेला, दूध पोचवायला. बर्फ त्याच्या आधी हटला नाही तर चाकांखाली दाबला जातो, दुपारी थोडा वितळतो आणि संध्याकाळी काचेसारखा गोठतो. मग तो फावड्यानं निघत नाही, त्यावर मीठ टाकावं लागतं. रस्त्यांवर मीठ टाकण्याचा प्रयोग अमेरिकेत १९३८ साली न्यू हॅम्पशायर राज्यानं सुरू केला, आणि आज तेच मीठ तिथल्या विहिरी-तळ्यांत उतरून नवी डोकेदुखी झालं आहे. म्हणून जो बर्फ पडता पडता, अंधारातच उचलला जातो, तोच खरा उचलला जातो.

पूर्वी मात्र बर्फ हटवायचाच नसे. मोटारी येण्यापूर्वी उत्तर अमेरिकेतल्या खेड्यांत हिवाळ्यात बिनचाकांच्या घसरगाड्या चालत. त्यांना बर्फ हवाच असे. मग बर्फ काढायच्या ऐवजी तो दाबायचा. त्यासाठी माणसाच्या उंचीचे लाकडी रूळ असत आणि ते घोड्यांच्या जोड्या ओढत. गावात या कामाला नेमलेला माणूस असे, आणि त्याच्या कामांपैकी एक ऐकून मला हसू आलं. तिकडे छप्पर असलेले लाकडी पूल असत. छपरामुळे आत बर्फ पडत नसे आणि घसरगाडी अडे. तेव्हा हा माणूस बाहेरचा बर्फ फावड्यानं आत नेऊन पुलावर पसरायचा!

शहरात चित्र निराळं होतं. मिलवॉकी शहरात १८६२ मध्ये घोड्यांना जोडलेला बर्फनांगर चालला असं सांगतात. नांगरानं मधला रस्ता मोकळा होई, पण बाजूला ढीग लागत आणि ते दुकानांच्या पायऱ्यांवर, पायवाटांवर. गाडीवाल्याची सोय झाली, पायी चालणाऱ्याची अडचण. बर्फाच्या सगळ्या इतिहासात ही तक्रार पुनःपुन्हा येते. बर्फ कुठून काढला हे सगळे सांगतात, तो कुणाच्या दारात टाकला हे फारसं कुणी सांगत नाही.

मार्च १८८८ मध्ये अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर जे हिमवादळ आलं, त्यात चारशेहून अधिक माणसं मेली. त्यांतली सुमारे निम्मी एकट्या न्यूयॉर्क शहरातली. उंच खांबांवरून धावणाऱ्या गाड्या जागच्या जागी अडकल्या, तारा तुटल्या. रॉस्को कॉन्कलिंग नावाचे बडे राजकारणी, माजी सिनेटर, त्या वादळात कचेरीतून पायी निघाले, वाटेत बर्फात रुतले आणि महिनाभरानं वारले. रस्ते मोकळे केले ते हातात फावडं घेतलेल्या हजारो रोजंदारीच्या मजुरांनी, आणि त्यांत नुकतेच बोटीतून उतरलेले इटालियन पुष्कळ होते. कॉन्कलिंग यांचा पुतळा मॅडिसन स्क्वेअरमध्ये उभा आहे. फावडेवाल्यांची मात्र मला कुठे नावंसुद्धा सापडली नाहीत. या वादळानंतर तारा जमिनीखाली घालण्याच्या कामाला जोर आला, आणि १९०४ मध्ये शहराची भुयारी रेल्वे सुरू झाली तिच्यामागेही त्या तीन दिवसांची आठवण होती.

यंत्र करणारी माणसं बहुतेक साधी, आडवळणाची. आगगाडीपुढे फिरतं चाक लावून बर्फ उडवायची कल्पना १८६९ मध्ये टोरंटोच्या एका दंतवैद्याला सुचली, जे. डब्ल्यू. एलियट त्याचं नाव. त्याचं यंत्र त्यानं मोठ्या आकारात कधी बांधलंच नाही. पुढे ऑरेंज ज्युल यानं त्यात सुधारणा केली आणि १८८३-८४ च्या हिवाळ्यात ते रुळांवर चाललं. पण माझ्या आवडीचा माणूस म्हणजे आर्थर सिकार्ड. क्वेबेकचा, दूधवाल्या घरातला मुलगा. बर्फानं रस्ते बुजले की दूध शहरात पोचत नसे, हे त्यानं लहानपणापासून पाहिलेलं. शेतातल्या मळणीयंत्रावरून त्याला कल्पना सुचली, आणि १९२५ मध्ये त्यानं मोटारीवर बसवलेलं बर्फ उडवणारं यंत्र तयार केलं. १९२७ मध्ये मॉन्ट्रियलजवळच्या उत्रमाँ या गावानं ते विकत घेतलं. आत फिरतं मळसूत्री पातं बर्फ ओढून घेतं, त्यामागचा पंखा तो नळकांड्यातून दूर फेकतो. आज म्हातारबाबांच्या ट्रॅक्टरच्या मागे जे जोडलेलं आहे, ते तत्त्वानं हेच.

ही सगळी यंत्रं नगरपालिकांची, रेल्वेची. म्हणजे माणसानं घरात बसून वाट पाहायची, आणि वाट काढणार दुसरं कुणीतरी. आणि वाट काढणारा कुणाच्या दारी आधी जातो? फेब्रुवारी १९६९ मध्ये न्यूयॉर्क शहरात पंधरा इंच बर्फ पडला. मॅनहॅटनचे रस्ते मोकळे झाले आणि पलीकडच्या क्वीन्स भागातले कामकरी लोक दिवसेंदिवस अडकून पडले. ४२ माणसं मेली, त्यांतली जवळपास निम्मी क्वीन्समधली. शहराची बरीचशी यंत्रं नादुरुस्त होती, हे नंतर बाहेर आलं. महापौर जॉन लिंडसे तिकडे गेले तेव्हा त्यांची गाडीच बर्फात रुतली आणि लोकांनी त्यांना तोंडावर शिव्या दिल्या. दहा वर्षांनी, जानेवारी १९७९ मध्ये, शिकागोत वीस इंचांवर बर्फ पडला. रेल्वेगाड्या वेळ भरून काढायला काही स्थानकं सोडून धावू लागल्या, आणि ती सोडलेली स्थानकं नेमकी कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांतली निघाली. पुढच्याच महिन्यात पक्षांतर्गत निवडणुकीत महापौर मायकल बिलँडिक हरले आणि जेन बर्न जिंकल्या. अलीकडे स्वीडनमधल्या कार्ल्सकूगा या गावानं हाच क्रम तपासला. त्यांच्या ध्यानात आलं की मोठे रस्ते आधी साफ केले तर सोय होते ती मुख्यतः गाडीनं कामाला जाणाऱ्या पुरुषांची, आणि बाळगाडी ढकलत पाळणाघराकडे पायी जाणाऱ्या बायका मागे राहतात. त्यांनी क्रम उलटा केला. आधी पायवाटा आणि पाळणाघराजवळचे रस्ते, मग बाकीचे.

आपल्याकडेही सीमा सडक संघटना १९६० पासून हिमालयात हेच काम करते, आणि झोजिलाचा रस्ता उघडल्याची बातमी आपण दर वर्षी वाचतो. पण तो देशाचा रस्ता झाला. मी बोलतोय तो दारापासून सडकेपर्यंतच्या साठ मीटरबद्दल. तिथे कुठलंच सरकार येत नाही.

आता त्या ओळखीच्या आवाजाकडे येतो. ज्या १९६९ साली क्वीन्सचे लोक वाट पाहत बसले, त्याच वर्षी जपानच्या कुबोटा कंपनीनं एल २०० नावाचा एक एकवीस अश्वशक्तीचा ट्रॅक्टर अमेरिकेत आणला. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही, साल तेवढं एक. अमेरिकेतले ट्रॅक्टर तोवर मोठे होत चालले होते, कारण शेतं मोठी होत चालली होती. एवढं लहान यंत्र कोण घेणार, असं तिथल्या कुणालाही वाटलं असतं. पण शहरात नोकरी आणि पाच-सात एकरांवर घर असा एक नवा वर्ग तयार झाला होता. त्याला गवत कापायला, खत पसरायला आणि हिवाळ्यात बर्फ काढायला असंच काहीतरी हवं होतं. थोड्याच वर्षांत फोर्डच्या नावानं शिबाउरा आणि जॉन डिअरच्या नावानं यानमार, असे जपानी ट्रॅक्टर अमेरिकेत विकले जाऊ लागले.

आणि हे यंत्र मुळात लहान का होतं? भातासाठी. ओसाकात १८९० मध्ये गोनशिरो कुबोटा यांनी ओतकामाचा कारखाना काढला, पुढे पाण्याचे नळ ओतले आणि दुसऱ्या महायुद्धानंतर पॉवर टिलर केले. जपानी शेतकऱ्याची जमीन सरासरी हेक्टरभर, तीही बांधांनी तुकडे केलेली. चिखलात रुतणार नाही इतकं हलकं, बांधाच्या कोपऱ्यात वळेल इतकं आखूड आणि चारही चाकांनी ओढेल असं यंत्र तिथे लागे. यानमारचं तर नावच शेतातलं. संस्थापक मागोकिची यामाओका यांना भाताच्या सुगीचा शुभशकुन मानला जाणारा चतुर किडा आपल्या इंजिनाचं चिन्ह म्हणून हवा होता. चतुराचा जपानी शब्द दुसऱ्या कुणीतरी आधीच नोंदवलेला निघाला, म्हणून त्यांनी मोठ्या जातीच्या चतुराचं नाव घेतलं, यानमा. याच कंपनीनं १९३३ मध्ये लहान डिझेल इंजिन व्यवहारात आणलं. डिझेल तोवर मोठ्या जहाजांचं आणि कारखान्यांचं इंजिन होतं, ते आता शेतकऱ्याच्या हातात आलं.

माझ्या गावच्या पॉवर टिलरचं कुळही इथलंच. केरळ सरकारच्या कॅमको कंपनीनं कुबोटाच्या तंत्रज्ञानानं पॉवर टिलर बनवायला सुरुवात केली. ती कंपनी १९७३ ची. ती यंत्रं कोकणातल्या खाचरांत फिरली. तेव्हा त्या पहाटे मला झालेला भास अगदीच खोटा नव्हता. आमच्या गावचा टिलर आणि म्हातारबाबांचा ट्रॅक्टर ही चुलत भावंडं निघाली.

चिखल आणि बर्फ यांच्यात चाकाच्या दृष्टीनं फार फरक नाही. दोन्हींत चाक फिरतं आणि गाडी हलत नाही. फरक आहे तो रात्रीचा. म्हातारबाबांचं काम मी आठ-दहा पहाटे पाहिलं. बर्फाचं यंत्र मागे जोडलेलं, म्हणून सगळा वेळ ट्रॅक्टर उलटा चालवायचा आणि मान मागे वळवून बसायचं. दिवा समोर झगझगीत लावला तर पडणारा प्रत्येक कण तो उजेड डोळ्यांत परत फेकतो आणि पांढऱ्या भिंतीशिवाय काही दिसत नाही. म्हणून दिवे खाली आणि मागे. वाटेच्या कडा तर दिसतच नाहीत. त्यासाठी जमीन गोठायच्या आधीच, शरदात, दोन्ही बाजूंना चमकत्या पट्टीच्या काठ्या रोवून ठेवायच्या. चाकांना साखळ्या. पुढे लोखंडी सूप आहे, त्याच्या तोलासाठी मागे वजन. इंजिनाला रात्री विजेचा हीटर लावून ठेवायचा, आणि डिझेल हिवाळ्याचंच भरायचं, नाहीतर त्यातलं मेण थंडीत साकळतं आणि यंत्र सुरूच होत नाही. पहिला बर्फ होता होईल तो लांब न्यायचा, कारण मार्चपर्यंत ढीग वाढतच जाणार आणि जवळ टाकलेला पुढे आपल्याच वाटेत येणार. वारा कुठून आहे ते पाहायचं, नाहीतर उडवलेला सगळा आपल्याच तोंडावर. सडकेवर ढकलणं कायद्यानं मना. आणि एवढं करून वाट मोकळी केली की नगराचा मोठा बर्फनांगर सडकेवरून जातो आणि वाटेच्या तोंडावर गुडघाभर ओला बर्फ टाकून जातो. “दर वेळी?” मी विचारलं. “दर वेळी,” ते म्हणाले. मिलवॉकीच्या दुकानदारांची तक्रार अजून मिटलेली नाही.

जपानमध्ये भात आणि बर्फ एकाच अंगणात आहेत. निइगाता प्रांतात उत्तम तांदूळ पिकतो आणि हिवाळ्यात छपरापर्यंत बर्फ चढतो. तिथल्या सुझुकी बोकुशी या व्यापाऱ्यानं १८३७ मध्ये आपल्या मुलखातल्या बर्फावर पुस्तक छापलं. त्यात तो सांगतो की आमच्याकडे बर्फ झाडत नाहीत, जमीन खणावी तसा खणतात. याच प्रांतात, नागाओका शहरात, १९६१ च्या सुमारास रस्त्यात नळ पुरून जमिनीतलं कोमट पाणी उडवायची युक्ती निघाली. तिथले रस्ते पाण्यातल्या लोहानं आज तांबूस झाले आहेत, आणि पाणी उपसून जमीन खचते ती वेगळीच. त्या प्रांतातली तरुण मुलं शहरांत गेली. छपरावरचा बर्फ आता म्हातारी माणसं काढतात. जपानमध्ये बर्फ काढताना मरणाऱ्यांत पासष्टीच्या पुढचेच अधिक असतात.

हे वाचलं तेव्हा मला आमच्या गावची खाचरं आठवली. त्यांतली निम्मी आता पडीक आहेत. पोरं मुंबईला, आखाताला, आणि एक लेक अमेरिकेत. टिलर चालवणारा एकच उरलाय, तोही साठीचा. मुलीला मी विचारलं, हे बाबा थकले की तुमची वाट कोण काढणार? ती डबा भरत होती. “जावयांना शिकवतायत ते, सुट्टीच्या दिवशी,” ती म्हणाली. “पण ह्यांची मान दुखते.”

परतायच्या आठवड्यातली गोष्ट. पहाटे यंत्राचा आवाज एकदम तुटला. मी अंगावर जावयाचा कोट चढवून बाहेर गेलो. म्हातारबाबा हातात विजेरी घेऊन पात्यापाशी वाकले होते. बर्फाखाली गाडलेलं वर्तमानपत्र आत ओढलं गेलं होतं. प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं, पाण्यानं फुगून लाकडासारखं गोठलेलं. जाडीवरून रविवारचा अंक वाटला. अशा वेळी पात्यातली एक मऊ लोखंडाची पिन मुद्दाम तुटते, म्हणजे आतली महागडी दातेरी चाकं वाचतात. खिशात त्यांच्याकडे तशा सुट्या पिना होत्या. इंजिन बंद आहे ना, हे त्यांनी दोनदा पाहिलं, मगच मला पुढे येऊ दिलं. मी विजेरी धरली. ते स्क्रू-ड्रायव्हरनं कागदाचे गोठलेले तुकडे खोदून काढत होते. मी त्यांना म्हटलं, आमच्याकडे रविवारच्या पुरवणीत कधीकधी माझं लिहिलेलं येतं. त्यांनी एक तुकडा विजेरीसमोर धरला, उलटसुलट पाहिला आणि म्हणाले, “मग जरा पातळ काढायला सांगा.”

पिन बसायला पंधरा मिनिटं लागली. बोटं बधिर झाली होती. इंजिन सुरू झालं, तोच आवाज. मी घड्याळ पाहिलं तर फज्रला चार मिनिटं उरली होती आणि पाणी प्यायचं राहिलं होतं. त्यांनीच नुकत्याच मोकळ्या केलेल्या वाटेवरून मी घराकडे पळत सुटलो.